बाबांचा प्रश्न: ह्याला जंगल का म्हणायचं? (केल्प, माँटेरे आणि पाणमांजरं)

रानवाटेची पोर
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय.

आई-बाबा सध्या माझ्याकडे, कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आलेत. बाबांनी चौतीस वर्षं वनखात्यात काढली, त्यातली बरीचशी चंद्रपूर-गडचिरोलीकडे. पूल, मॉल, उंच इमारती यांत त्यांना काडीचा रस नाही, म्हणून त्यांना माँटेरेच्या मत्स्यालयात नेलं. तिथे २८ फूट उंचीच्या काचेच्या टाकीत जिवंत केल्प, म्हणजे मोठं समुद्री शेवाळ, वाढवलंय. टाकी वरून उघडी, ऊन थेट आत येतं आणि पाणी समोरच्या खाडीतूनच खेचलेलं. तपकिरी-सोनेरी पट्ट्या तळापासून वरपर्यंत गेलेल्या, सगळ्या एका लयीत डुलतायत, मधून सार्डिनचा थवा फिरतोय. आई दहा मिनिटांत कॉफीकडे वळली. बाबा पाऊण तास हलले नाहीत.

बाहेर आल्यावर म्हणाले, "पाटीवर तर जंगल लिहिलंय. मूळ नाही, खोड नाही, फूल नाही, बी नाही. ह्याला जंगल का म्हणायचं?" मला काही सांगता येईना.

पुढच्या शनिवारी उत्तरेकडच्या किनाऱ्यावर मेंडोसिनोला गेलो. तिथे एका म्हाताऱ्या पाणबुड्याशी गप्पा झाल्या. त्याने फोनवर एकाच जागेचे दोन फोटो दाखवले. २०१२चा फोटो म्हणजे घनदाट केल्प. अलीकडच्या फोटोत नुसता खडक आणि त्यावर जांभळ्या काट्यांचा सडा, दुसरं काहीच नाही. बाबा त्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिले आणि मग परतीच्या चार तासांत एक अक्षर बोलले नाहीत.

तर प्रश्न दोन. एक बाबांचा, वर लिहिलाय तो. दुसरा माझा: असं गेलेलं जंगल परत येतं का? पाणमांजरं आणून सोडली की होतं म्हणे सगळं ठीक. खरं आहे का हे?

झेंडू
चार तास एक अक्षर नाही? आमचे बाबा गाडीत चार मिनिटं गप्प बसले तर आम्ही नाडी तपासतो.

खारेपाणी
छान विषय. माझा अभ्यास समुद्री शेवाळाचा, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

काकांची शंका रास्त आहे. केल्प ही वनस्पतीच नव्हे, ते तपकिरी शेवाळ. वडापिंपळाशी त्याचं नातं इतकं दूरचं की लग्नाची पत्रिकासुद्धा जाणार नाही. मुळासारखं जे दिसतं ती नुसती पकड. बोटांसारख्या फांद्या खडकाला आवळून बसतात, अन्नपाणी मात्र त्यातून येत नाही. ते सगळं अंगाला लागलेल्या पाण्यातूनच शोषलं जातं. खोडाला लाकूड नाही, कारण उभं राहायला लाकडाची गरजच नाही. माँटेरेच्या राक्षसी केल्पच्या प्रत्येक पात्याच्या बुडाशी हवेचा एक फुगा असतो, ते फुगे त्याला वर ताणून धरतात. तीस-पस्तीस मीटर सहज, कधी त्याहून जास्त. सगळं जुळून आलं तर वाढ दिवसाला ६० सेंटिमीटरपर्यंत.

पण जंगल हा शब्द झाडामुळे येतो की त्या झाडाने केलेल्या घरामुळे? पात्यांचं छत पाण्यावर पसरतं आणि खाली सावली पडते. सावलीतलं शेवाळ वेगळं, उजेडातलं वेगळं. लाटांचा जोर आत शिरता शिरता मरतो, म्हणून माशांची पिल्लं तिथे टिकतात. छतावर एक वस्ती, मधल्या पात्यांवर दुसरी, आणि बुडाच्या पकडीत खेकडे, किडे, तारामासे अशी शेकड्यांनी तिसरी. डार्विन १८३४ साली दक्षिण अमेरिकेच्या टोकाला होता, तेव्हा त्याने ह्या केल्पची तुलना उष्ण कटिबंधातल्या जंगलांशीच केली होती. वर हेही नोंदवलं, की जमिनीवरचं एखादं जंगल तोडलं तर जितके जीव जातील, त्याहून जास्त केल्प गेल्यावर जातील. काका आणि डार्विन यांनी आपसात मिटवावं.

झेंडू
दिवसाला दोन फूट! हा पत्ता आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासवाल्या बिल्डरला द्या कुणीतरी. सहा वर्षांत जोत्याच्या वर आला नाही.

तारकर्लीकर
आमच्या हय असला जंगल नाय, पण दगडार शेवाळ चिकार. पावस संपलो की सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूक खडकांर सरगॅसम वाढता, माणसाएवढा होता. त्येकाय फुगे असतत, बोटांनी फोडल्यार टप आवाज येता. लहानपणी आमचो तोच खेळ. मगे तुटून सगळा किनाऱ्याक लागता नि वास सुटता. पर्यटकांका वाटता गटार फुटला.

खारेपाणी
@तारकर्लीकर, सरगॅसम म्हणजे केल्पचा लांबचा भाऊ, दोघेही तपकिरी शेवाळंच. खरं केल्प मात्र कोकणात होणार नाही. त्याला थंड पाणी लागतं. वीस अंशांच्या वर गेलं की ते कुरकुरायला लागतं. थंडी म्हणजे नुसती थंडी नव्हे बरं का. समुद्राच्या पोटातून वर येणारं थंड पाणी सोबत नायट्रेट आणतं, तेच केल्पचं खत. कॅलिफोर्नियात वसंत ऋतूत वायव्येचा वारा वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतो आणि खालचं वर येतं. आपल्याकडे वरचं पाणी २८-३० अंश, त्यात नद्यांचा गाळ. खडकापर्यंत उजेडच पोचत नाही.

मस्कती मामी
थांबा थांबा, अरबी समुद्रात केल्प आहे हो! आम्ही अकरा वर्षं सलालाहला होतो. ओमानच्या दक्षिणेला, धोफारच्या किनाऱ्यावर. आपल्याकडे जो नैर्ऋत्य मोसमी वारा पाऊस आणतो, तोच तिथे किनाऱ्याला समांतर वाहतो आणि समुद्र उलटापालटा करतो. ऐन जून-जुलैत, मस्कत भाजत असताना मिरबातला पाण्यात पाय घातला की झिणझिण्या येतात. डोंगरावर धुकं, हिरवळ, अगदी आंबोलीची आठवण. त्याला खरीफ म्हणतात. आपण पिकाला म्हणतो तोच शब्द.

त्या थंड पाण्यात केल्प वाढतं. माँटेरेसारखं उंच नाही, पाण्याच्या वर डोकं काढत नाही, पण केल्पच. ह्यांच्या ऑफिसातले एक ओमानी गृहस्थ हिवाळ्यात अबालोन (खायची मोठी समुद्री गोगलगाय) काढायला बुडी मारायचे, त्यांनी एकदा आणून दाखवलं होतं. म्हणजे इकडे आपण भजी तळत असतो तेव्हा तोच वारा तिकडे जंगल वाढवत असतो.

खारेपाणी
मामी, _/\_ एक्लोनिया राडियाटा. मीच लिहायला हवं होतं, राहूनच गेलं. हेच केल्प ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला मैलोन्‌मैल आहे आणि मग मधला एवढा महासागर सोडून ओमानात. कर्कवृत्ताच्याही खाली, निव्वळ वाऱ्याच्या कृपेने.

उंटावरचा शहाणा
मूळ प्रश्नावर या. उत्तर सोपं आहे: पाणमांजर. पाणमांजर सी अर्चिन (फोटोतले ते काटेरी गोळे) खातं, सी अर्चिन केल्प खातं. पाणमांजर गेलं की अर्चिन माजतात आणि केल्प संपतं. ताडोबात वाघ, तसं तिथे पाणमांजर. १९७४ मध्ये एस्टिस आणि पामिसानो या दोघांनी अलास्काकडच्या अल्यूशन बेटांवर हे दाखवून दिलं. अमचिटका बेटाजवळ पाणमांजरं भरपूर, केल्पही भरपूर. शेमयाजवळ पाणमांजरं नाहीत, तिथे तळाशी अर्चिनचा गालिचा. प्रयोग निसर्गानेच मांडून ठेवला होता, यांनी फक्त वाचला.

आणि पाणमांजरं गेली कशी? फरसाठी. जगातल्या कुठल्याही प्राण्यापेक्षा दाट केस. १९११ च्या करारापर्यंत रशियन, अमेरिकन सगळ्यांनी मिळून जवळपास संपवली. कॅलिफोर्नियात तर संपलीच असं समजत होते. १९३८ मध्ये बिग सुरजवळ पन्नासेक सापडली. आजची तिथली तीनेक हजार ही त्यांचीच पिलावळ. तेव्हा मेंडोसिनोत नेऊन सोडा, विषय संपला.

खारेपाणी
विषय संपत नाही, शहाणे. ही गोष्ट खरी आहे, पण अल्यूशनची. मेंडोसिनोच्या किनाऱ्यावर पाणमांजर दीडशेहून जास्त वर्षं नाही. तरीही २०१२ च्या फोटोत जंगल आहे ना? मग राखण कोण करत होतं?

उंटावरचा शहाणा
... बोला.

खारेपाणी
सूर्यफूल तारामासा. नाव गोड, काम खाटकाचं. वीस-चोवीस हात, मोठा झाला की टोकापासून टोकापर्यंत मीटरभर, आणि तारामाशाच्या मानाने धावतो म्हणावं इतका चपळ. अर्चिन त्याचं आवडतं खाणं, आणि न खाल्लेले अर्चिनही त्याच्या वासाने कपारीत दबून बसतात. २०१३ मध्ये तारामाशांना एक रोग लागला. हात गळून पडतात, अंग विरघळल्यासारखं होतं, काही दिवसांत नुसता पांढरा लगदा उरतो. मेक्सिकोपासून अलास्कापर्यंत अब्जावधी गेले. बारा वर्षं कारण कळत नव्हतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ते प्रसिद्ध झालं: व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा नावाचा जिवाणू, कॉलऱ्याच्या जंतूचा चुलतभाऊ.

रोगाच्या पाठोपाठ २०१४ ते २०१६ समुद्र तापला. प्रशांत महासागरात गरम पाण्याचा इतका मोठा पट्टा साचून राहिला की लोकांनी त्याला 'ब्लॉब' असं नावच पाडलं. म्हणजे खत बंद. केल्प अशक्त, राखणदार मेलेला, आणि जांभळे अर्चिन साठपट. उत्तर कॅलिफोर्नियाचा साडेतीनशे किलोमीटर किनारा, त्यावरचं नव्वद टक्क्यांहून जास्त केल्प दोन-तीन वर्षांत गेलं. अबालोन उपाशी मेले. २०१८ पासून हौशी लोकांना ते काढायला बंदी आहे.

आणि दक्षिण कॅलिफोर्नियात आणखी वेगळं. तिथे अर्चिन खाणारे शीपहेड मासे आणि शेवंडं आहेत, म्हणून पाणमांजराविनाही बराच काळ भागलंय. ताडोबाचा वाघ सगळीकडे लावू नका एवढंच म्हणणं.

डॉ. कालवण
मला एक सांगा, अर्चिन खातात ना? जपानी हॉटेलात उनी म्हणून मिळतो तो हाच. चव लोण्यात मुरवलेल्या चिंबोरीच्या पिवळ्या लाखेसारखी. चार मालवणी आणि दोन कारवारी माणसं त्या किनाऱ्यावर सोडा, तिरफळ आम्ही आणतो. महिन्यात खडक मोकळा.

रानवाटेची पोर
@डॉ. कालवण, हाच प्रश्न मी त्या पाणबुड्याला विचारला! त्याने एक फोडून दाखवला. आत काही नव्हतं. पाणी आणि एक करडा दोरा. म्हणाला, हे उपाशी आहेत, वर्षानुवर्षं. मरत मात्र नाहीत. खायला मिळालं नाही तर शरीर इतकं मंद करतात की नुसते बसून राहतात. विकायचा तो लाल अर्चिन, तोही उपासमारीने पोकळ झाला. हा माणूस आयुष्यभर फोर्ट ब्रॅगच्या बंदरातून अर्चिन काढायला जायचा, आता होडी विकलीय.

झेंडू
पोकळ, उपाशी, मरत नाही, जागा सोडत नाही. भाडेकरू कायदा लागू आहे का तिथे?

खारेपाणी
आणि म्हणूनच पाणमांजराचा उपाय अडतो. माँटेरेकडे पाणमांजरं आहेत आणि २०१४ नंतर अर्चिनही वाढले. अभ्यासकांनी बघितलं तर पाणमांजरं उरलेल्या केल्पच्या तुकड्यांतले भरलेले अर्चिन तेवढे खातात. ओसाड भागातल्या पोकळ अर्चिनला तोंड लावत नाहीत. रोज वजनाचा चौथा हिस्सा खायला लागतं त्यांना, रिकामी भांडी फोडत बसायला वेळ कुठला? त्यामुळे उरलेले तुकडे वाचतात, हे काही कमी नाही. पण गेलेलं परत आणणं हे निराळं काम.

तारकर्लीकर
माका एक इचारूचा हा. ही पाणमांजरा खेकडे, शिंपले नि ता अबालोन पण खातत ना? मगे थयल्या रापणकारांका, पाणबुड्यांका कोणी इचारल्यान काय? आमच्या खाडीत पाणमांजरा जाळी फाडतत. दिसाक गोड, पण जाळ्याचे पैसे कोण देतलो? शहरातल्या माणसांका फोटो व्हये.

खारेपाणी
अगदी मुद्द्याचं. १९८७ ते १९९० मध्ये तिथल्या सरकारने १४० पाणमांजरं पकडून सॅन निकोलस बेटावर नेऊन सोडली. मच्छीमारांनी विरोध केला म्हणून बाकीच्या दक्षिण किनाऱ्यावर पाणमांजर-बंदी क्षेत्र ठरवलं. पाणमांजरांना नकाशा वाचता येत नव्हता. बहुतेक बेटावरून निघून गेली, कित्येक तर जिथून आणली तिथेच पोचली. शेवटी २०१२ मध्ये तो कार्यक्रम अधिकृतपणे गुंडाळला.

आजीचा बटवा
मी फक्त वाचत होते, पण राहवत नाही. मुलीने सांगितलं की आइस्क्रीममध्ये केल्पचा अर्क असतो. खरं का? संकष्टीला आम्ही आइस्क्रीम खातो.

खारेपाणी
असू शकतो, ताई. अल्जिनेट म्हणतात, घट्टपणासाठी घालतात. आपल्याकडे ते सरगॅसमपासून काढतात, तमिळनाडूच्या किनाऱ्यावर गोळा करून. केल्पचा आणखी गमतीचा उपयोग म्हणजे पहिल्या महायुद्धात सॅन दिएगोजवळ चुला व्हिस्टाला केल्प कुजवून त्यातून ॲसिटोन काढायचे, तोफांच्या दारूसाठी.

आजीचा बटवा
दारू??

झेंडू
तोफेची हो आजी, तोफेची. उपासाला चालते.

उंटावरचा शहाणा
शेवाळ ना धान्य ना कडधान्य ना मांस. माझ्या मते चालतं. शिंगाड्याला पाण्यातला म्हणून कोणी अडवलंय का?

(ह्या विषयावरचे पुढचे सत्तावीस प्रतिसाद संपादकांनी 'उपासाचे पदार्थ' ह्या धाग्यावर हलवले आहेत.)

बेरजेचा बाळू
कार्बनबद्दल कोणीच बोललं नाही? केल्प लावा, हवेतला कार्बन शोषा, कंपन्या पैसे देतील. टास्मानियात म्हणे खूप चाललंय.

खारेपाणी
बाळूशेठ, केल्प कार्बन शोषतं हे खरंच. पण खाली माती नाही, जिथे तो पुरून राहील. वादळात पाती तुटतात, काही किनाऱ्यावर कुजतात, काही जनावरांच्या पोटात जातात, काही खोल दऱ्यांत. किती काळ किती अडकून राहतो यावर अजून भांडणं आहेत, त्यामुळे पावत्या फाडायची घाई नको. आणि टास्मानियात आधी असलेलं वाचवायची पंचाईत आहे. पूर्व किनाऱ्यावरचं राक्षसी केल्प जवळजवळ सगळं गेलं. उत्तरेकडून येणारा गरम प्रवाह आता जास्त खाली उतरतो, सोबत लांब काट्यांचा अर्चिन आणतो. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाने तो अख्खा अधिवासच धोक्यात असल्याचं जाहीर केलं.

रानवाटेची पोर
मंडळी, उशीर झाला लिहायला. सगळा धागा बाबांना वाचून दाखवला, दोन संध्याकाळी लागल्या. (उपासाचे प्रतिसाद आईने वाचायला लावले.)

बाबा ऐकताना मधेच म्हणाले, "म्हणजे ही चराई आहे." मला आधी कळलं नाही. मग सांगायला लागले. गुरं जंगलात कायमच असतात. जंगल धड असेल तर गुरं कडेचं, पडलेलं खातात, जंगलाला फरक पडत नाही. पण एकदा रान विरळ झालं की तीच गुरं कोवळं रोप दिसलं की ओरबाडतात. मग रान वाढत नाही, आणि लोक म्हणतात जमीनच वाईट.

खारेपाणी, तुम्हाला विचारायला सांगितलंय: हे अर्चिनही आधी पडलेलंच खायचे का?

खारेपाणी
काकांना साष्टांग. हो! केल्प भरपूर असतं तेव्हा अर्चिन कपारीत बसून तुटून वाहत आलेली पाती खातात, बाहेर पडत नाहीत. पाती येणं थांबलं की बाहेर निघतात आणि उभं केल्प बुडापासून कुरतडतात. बुडाशी कुरतडलं की उरलेलं सगळं वाहून जातं. मग बारीक कोंब धरला रे धरला की खलास. एकाच खडकावर ह्या दोन्ही अवस्था शक्य आहेत आणि दोन्ही टिकाऊ. म्हणून परत येणं अवघड.

रानवाटेची पोर
बाबा: "मग चराईबंदी करा."

खारेपाणी
तीच करतायत. मेंडोसिनोजवळ कॅस्पर कोव्ह म्हणून जागा आहे. तिथे हौशी पाणबुड्यांना हवे तितके जांभळे अर्चिन मारायला परवानगी मिळाली. हातोडी घेऊन बुडी मारायची आणि एकेक फोडायचा. थोड्या जागांवर नेटाने केलं तिथे केल्प उगवलंय. पण साडेतीनशे किलोमीटरला हातोड्या किती पुरणार. दुसरीकडे प्रयोगशाळांत सूर्यफूल तारामासे वाढवतायत, पुढेमागे समुद्रात सोडायचे म्हणून.

तारकर्लीकर
हातोडो घेवन पाण्याखाली. आमच्या पोरांका सांगलंय तर म्हणतले, पगार किती?

रानवाटेची पोर
बाबांचा पुढचा प्रश्न: खडक मोकळा केला तर बी कुठून येणार? त्यांच्या मते रान तोडल्यावर ते परत येईल की नाही हे उरलेली मोठी झाडं सांगतात. कूप तोडताना ते मातृवृक्ष राखून ठेवायचे.

खारेपाणी
मेंडोसिनोचं केल्प वेगळं, बुल केल्प. एकच लांब देठ, टोकाला एकच मोठा फुगा, आणि आयुष्य साधारण वर्षाचं. दरवर्षी नव्याने उगवायचं. त्याला बी नाही, बीजाणू असतात, सुईच्या टोकावर कित्येक मावतील असे. पात्यावर बीजाणूंचे डाग पिकतात, तो तुकडाच सुटून तळाशी पडतो. त्यामुळे बरेचसे बीजाणू आईच्या जवळच. त्यांतून आधी डोळ्यांना न दिसणारे नर-मादी धागे उगवतात, आणि त्यांच्या मीलनातून नवं केल्प. म्हणजे काकांचं बरोबर आहे: जवळ जिवंत तुकडा उरलेला असेल तर आशा. म्हणून तिथले लोक आता सगळीकडे हातोडी चालवत नाहीत, आधी उरलेल्या तुकड्यांच्या भोवती चालवतात.

मस्कती मामी
काका निवृत्त कशाला झाले?

बेरजेचा बाळू
घरबसल्या काही करता येतं का? आम्ही पडलो पुण्यात.

खारेपाणी
येतं. 'फ्लोटिंग फॉरेस्ट्स' म्हणून लोकसहभागाचा प्रकल्प आहे. लँडसॅट उपग्रहाच्या चित्रांत पाण्यावर तरंगणारं केल्पचं छत ओळखून त्याभोवती रेघ ओढायची. १९८४ पासूनची चित्रं आहेत. चहा पिता पिता होतं.

झेंडू
आणि काकांच्या मूळ प्रश्नाचं काय झालं? जंगल म्हणतात की नाही?

रानवाटेची पोर
विचारलं काल. आम्ही हाफ मून बेच्या किनाऱ्यावर होतो, वादळानंतर. वाळूवर केल्पचे ढीग. बाबांनी एक पकड उचलली, फुटबॉलएवढी, तिच्यात अजून दगड आवळलेला. खिशातून पेन काढून एकेक फांदी बाजूला करत आत काय काय आहे ते मोजत बसले. तीन खेकडे, एक बारका तारामासा, गोगलगायी, आणि पिसवांसारखं काहीतरी उड्या मारणारं, ते मोजता येईना म्हणून 'असंख्य' लिहिलं. आईच्या औषधांच्या चिठ्ठीमागे.

म्हटलं, बाबा, मग जंगल का? तर म्हणाले, "ते बघू. आधी सांग, ह्याचा बीटगार्ड कोण?"

तारकर्लीकर
काकांका मालवणाक धाडा. होडी माझी.

झेंडू
हातोडी माझी.

आजीचा बटवा
फराळाचं मी बघते. आइस्क्रीम सोडून.